चंद्रभान आचाऱ्याची जीभ

माझे बाबा आचारी आहेत. कॅटरर्सवाले नव्हेत, आचारी. कोणी चुकून 'कॅटरर्सवाले चंद्रभानजी' म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. "मी काय कोट घालून दारात उभा रायतो का? मी रांधतो बाप्पा!" अकोल्याच्या जुन्या शहरात आमचं घर. तिथून बार्शीटाकळी, तेल्हारा, पार हिवरखेडपर्यंत कोणाकडे लग्न निघालं की चंद्रभान आचारी मोकळा आहे का, ते आधी विचारतात आणि मग तारीख पक्की करतात. हे मी लेक म्हणून फुगवून सांगत नाही. थोडंसं फुगवत असेन.

मी रागिणी. आई म्हणते, नाव ठेवताना घोटाळा झाला, पोरीनं त्यातला राग तेवढा उचलला आणि बाकीचं तिथंच टाकून दिलं. मी अमरावतीला दिली आहे, तिथं माझं ब्युटी पार्लर आहे. दिवसभर बायकांच्या भुवया कोरायच्या आणि बोलायचं, हाच धंदा. त्यामुळे मी जरा जास्त बोलेन, ऐकून घ्या. कारण हे कोणाला तरी सांगितल्याशिवाय माझ्या छातीवरचं ओझं उतरणार नाही.

बाबांची सगळी कमाई म्हणजे त्यांची जीभ. त्यांचा वजनकाट्यावर विश्वास नाही, डॉक्टरवर अर्धा आहे आणि जिभेवर पुरता. वरण असो, शिरा असो, झाऱ्यानं थेंबभर उचलायचं, डाव्या हाताच्या पाठीवर घ्यायचं, जिभेनं टिपायचं आणि डोळे मिटायचे. मांडवात बँड वाजो की सोयऱ्यांचं भांडण लागो, तेवढा वेळ भट्टीपाशी कोणी तोंड उघडायचं नाही. मग बाबा डोळे उघडणार आणि म्हणणार, "मीठ उलीसं, चिमूटभर," किंवा "बस, उतरवा." जीभ खराब होईल म्हणून या माणसानं आयुष्यात तंबाखू लावली नाही, सुपारी फोडली नाही. दारूचं तर नावच नको.

आणखी एक नेम. शेवटची पंगत उठल्याशिवाय आचाऱ्यानं जेवायचं नाही. बाबा म्हणतात, भरल्या पोटी चव कळत नाही, आणि लोक उपाशी असताना आचाऱ्यानं ढेकर देणं बरं दिसत नाही. त्यांच्या हाताखालची माणसंही तोच नेम पाळतात. सुभद्राबाई तर बाबांपेक्षा कडक. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ती बाबांच्या कामावर पुऱ्या लाटते. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बाबांना भाऊ म्हणते, दर राखीला येते, आणि आईनंतर बाबांना तोंडावर 'चुकलं तुमचं' म्हणणारी ती एकटीच.

दोन-तीन वर्षांपूर्वी बाबांना शुगर निघाली. सुभद्राबाईला त्याच्या आधीपासूनच होती. "साकरेत हात घातला, साकरेनं हात धरला," म्हणून बाबा हसले, पण गोळी नेमानं घेऊ लागले. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, गोळी घेतली की अर्ध्या तासात जेवा. घरी असले की जेवायचे. कामावर असले की गोळी घ्यायचे आणि जेवण शेवटच्या पंगतीनंतर. डॉक्टरचाही मान राखला आणि धंद्याचाही, असा त्यांचा हिशेब.

आमच्याकडे या रोगाचं एकच मागणं असतं. शुगर उतरावी. ताप उतरावा, पूर उतरावा, तशी शुगर उतरावी. उतरली म्हणजे आनंद. यंदा उन्हाळ्याच्या तोंडी बाबांचा फोन आला, आवाजात नुसता सणवार. "रागे, शुगर उतरली मायी! लॅबवाला म्हणे, काका, तुमी तं पोट्ट्यावानी झाले!" गल्लीत सगळ्यांनी अभिनंदन केलं. आईनं त्या दिवशी पुरण घातलं, म्हणजे बघा. मीही खूश. मला काय माहीत, ही कशानं उतरते आहे आणि किती खाली जाणार आहे.

त्यानंतर थोड्या दिवसांनी, भर दुपारी, मी दातात दोरा धरून एका बाईची भुवई करत असताना आईचा फोन आला. आवाज इतका बारीक की पहिल्यांदा मला कळेचना.

"रागे, तुये बाबा पिऊन रायले वं."

दोरा तुटला. त्या बाईची भुवई थोडक्यात वाचली.

"काहीही काय बोलतेस आई!"

"सारं गाव बोलून रायलं. बार्शीटाकळीच्या लग्नात भट्टीपाशी झोकांड्या खात होते म्हणे. नवरीच्या बापाले तोंडाले येईन ते बोलले. आन् शिरा असा गोड केला का लोकायनं पानातच सोडला."

"तोंडाला वास येतो का?"

"दारूचा नाई येत. कडू येते, पाल्यावानी. कोणती नवी दारू निंगाली काय मालूम!"

मला आधी भलताच राग आला, आईचा, गावाचा, त्या नवरीच्या बापाचा. रात्री स्वयंपाक करता करता तो राग ओसरला आणि खाली निव्वळ भीती उरली. बाबा पीत नाहीत, हे मला माझ्या नावाइतकं पक्कं ठाऊक. मग झोकांड्या कशाच्या? आणि चंद्रभान आचाऱ्याचा शिरा पानात सोडला? हे तर झोकांड्यांपेक्षा भयंकर. माझा नवरा श्याम, मोठं संकट अगदी शांत आवाजात सांगण्यात त्याचा हात कोणी धरणार नाही. भाकरी मोडत म्हणाला, "डोक्यात काही झालं असेल. गाठबीठ." मी त्याला काय बोलले ते इथं सांगत नाही. पण तो शब्द कानातून जाईना. दुसऱ्या दिवशी पार्लरला कुलूप लावलं आणि अकोल्याची गाडी धरली.

बाबा ओट्यावर बसले होते. बारीक झाले होते. मला बघून हसले, पण ते हसू लगेच विझलं. मी चहा केला, बिनसाखरेचा, त्यांच्यासमोर ठेवला आणि सरळ विचारलं, "बाबा, काय होऊन रायलं तुमाले?"

"काई नाई. उमर झाली."

"बार्शीटाकळीले काय झालं?"

"काई नाई म्हटलं ना!" कप आदळला. माझ्यावर आवाज न चढवणारा माणूस. मग लगेच ओशाळले आणि उठून आत गेले. आई माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाली, बघ.

दुपारी त्यांना ओढत डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी तपासलं, बीपी घेतलं, चालून दाखवायला सांगितलं. चालणं ठीक. बोलणं ठीक. मग विचारलं, "काका, माझ्या गोळीशिवाय दुसरं कुठलं औषध घेता का?"

"नाई."

"नक्की?"

"ह्या पोरीची शपथ."

माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले. आणि खोटं बोलत नव्हते, ते मला त्यांच्या डोळ्यांत दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला सांगितलं आणि मेंदूच्या डॉक्टरांची चिठ्ठी दिली. मेंदूचे डॉक्टर म्हणताच मला श्यामचा तो शब्द आठवला. बाहेर येऊन बाबा म्हणतात कसे, "उद्या भगवंतरावच्या पोरीचं लगन आहे, मोर्णा नदीच्या पलीकडं. रक्त परवा देऊ. लगन परवा होत नाई."

मी भांडले. काही उपयोग झाला नाही. मग म्हटलं, ठीक आहे, मीही येते, लसूण सोलते, पण डोळ्यांआड होऊ देणार नाही.

सकाळी मंडपामागे भट्ट्या लागल्या. बाबांनी गोळी घेतली, वर पाणी, मग बिनसाखरेचा चहा. मी म्हटलं, "दोन पुऱ्या खा." सुभद्राबाई माझ्यावरच डाफरली, "पंगतीच्या आधी? तुले काई रीत आहे का नाई?" ती स्वतः पहाटेपासून उपाशी पोळपाटाशी बसली होती. बाबा जरा बाजूला गेले, बंडीच्या खिशातून काहीतरी काढून तोंडात टाकलं आणि चघळत राहिले. मला वाटलं, लवंग असेल. थोड्या वेळानं पुन्हा. काय खाता विचारलं तर हात झटकला.

मग शिऱ्याची वेळ आली. साखर पडली, ढवळून झालं. बाबांनी हाताच्या पाठीवर उचलून घेतला, जीभ लावली, डोळे मिटले. सगळे गप्प. डोळे उघडेचनात. मी लसूण सोलायची थांबले. शेवटी डोळे उघडले तेव्हा त्यांत जे होतं, ते मी त्यांच्या चेहऱ्यावर आजवर कधी पाहिलं नव्हतं. माणूस घाबरला होता. अगदी हळू म्हणाले, "साकर टाक अजून."

"भाऊ, साकर झाली ना! माया डोयानं पायली मी पडताना," सुभद्राबाई म्हणाली.

"मले शिकवतं का? तू पुऱ्या लाट!"

सुभद्राबाईनं तोंड मिटलं, पण साखर टाकू दिली नाही. साखरेची परात मागे ओढून घेतली. बाबांनी ती परत मागितली नाही. हे जास्त वाईट होतं.

पुऱ्या तळायला तेल चढलं. बाबा झारा घेऊन उभे, आणि अंगातून घामाच्या धारा. भट्टीपाशी घाम येतोच, पण हा तसला घाम नव्हता, बंडी पिळून काढावी असा. हात थरथरायला लागला. कोणाला उगाच शिवी दिली. मग झारा हातातून सुटून तेलात पडला, तेल उडालं, आणि बाबा त्या उकळत्या कढईकडेच झुकायला लागले.

मी कशी उठले ते मला आठवत नाही. मागून बंडी धरली आणि जीव खाऊन ओढलं. आम्ही दोघं कणकेच्या पोत्यावर पडलो. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं, "सकायपासूनच लावली वाटते आचाऱ्यानं!" मी वळून त्याला म्हटलं, "तुझ्या बापानं लावली असेल, मेल्या!" आणि तशीच रडायला लागले. बाबा माझ्याकडे बघत होते, पण ओळख नव्हती त्या नजरेत. डोक्यात गाठ. गेले माझे बाबा. एवढंच येत होतं मनात.

गर्दीतून भरजरी साडीतली एक बाई वाट काढत आली. भगवंतरावांच्या नात्यातल्या ज्योत्स्नाताई, अमरावतीला नर्स आहेत. बाबांचा हात धरला, कपाळाला हात लावला, विचारलं, "शुगरची गोळी घेतात का हे?"

"घेतात."

"जेवले?"

"नाही."

"शुगर उतरली यांची."

आणि मी, हे बोलले मी, माझ्या कानांनी ऐकलं, "उतरली ना? मग चांगलंच की!"

"अहो ताई, उतरली म्हणजे तळाला गेली! मेंदूला साखर पुरेना झाली. साखर आणा, धावा!"

भट्टीपाशी साखरेचं पोतंच उघडं होतं. मी मूठभर उचलली आणि बाबांच्या तोंडात घातली. त्यांनी चावली. चेहरा वाकडा केला आणि थू करून सगळी माझ्या साडीवर थुंकली.

"रेती काहून चारून रायली मले?"

"बाबा, साकर आहे!"

"मले साकर शिकवतं? जनम गेला माया साकरेत. रेती आहे हे!"

मी स्वतःच्या तोंडात टाकून पाहिली. साखर. गोड साखर. पाण्यात विरघळवून पेला तोंडाला लावला, तर दात आवळून घेतले. ज्योत्स्नाताई माझ्या कानाशी म्हणाल्या, "जागे आहेत तोवरच तोंडातून देता येतं. एकदा शुद्ध गेली की घशात काही घालायचं नाही, श्वासात जाईल. मग दवाखान्यात सुईच. तेवढा वेळ मिळेल का, सांगता येत नाही. पाजा, कसंही करून पाजा."

काय करू? ज्या माणसानं जन्मभर एका जिभेचं ऐकलं, तिच्याविरुद्ध त्याला काय सांगू? मी त्यांचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "बाबा, तुमची जीभ खोटं बोलून रायली. आज तिचं आयकू नका. मायी जीभ सांगते, साकर आहे. मायं आयका. गिया, बाबा. माया गळ्याची शपथ, गिया!"

ते माझ्याकडे बघत राहिले. ओठ हलले. "रेतीच आहे," म्हणाले, "पण तू म्हणतं म्हणून." आणि तोंड उघडलं. एक घोट. दुसरा. प्रत्येक घोटाला शहारत होते, पण गिळत होते. पेला संपला, दुसरा दिला. मी त्यांचा गळा वरखाली होताना बघत होते आणि देवाला जे काही कबूल करता येईल ते करत होते.

थोड्या वेळानं घाम थांबला. नजर ठिकाणावर आली. पहिला प्रश्न काय विचारावा त्या माणसानं? "शिरा खाली लागला का?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. पण ज्योत्स्नाताई हसल्या नाहीत. "काका, साखरेला रेती का म्हटलं तुम्ही? तोंडात काय होतं?"

बाबांनी निमूटपणे बंडीच्या खिशात हात घातला. मूठ उघडली. वाळलेली हिरवी पानं. "पाला आहे."

"गुडमार," ज्योत्स्नाताई म्हणाल्या आणि डोक्याला हात लावला.

मी रागानं दोन पानं हिसकावून तोंडात टाकली आणि करकर चावली. कडू जहर. थुंकून टाकली आणि वर चिमूटभर साखर घेतली. माझ्या तोंडात रेती होती. खरोखरची रेती, मोर्णेच्या काठावरची. साखर दाताखाली करकरत होती आणि गोडाचा पत्ता नाही. तेव्हा मला कळलं की बाबा वेडे झाले नव्हते. जे तोंडात लागत होतं तेच ते सांगत होते.

ऑटो करून आम्ही दवाखान्यात गेलो. गोळीचा जोर तासाभरात जात नाही, साखर पुन्हा खाली जाऊ शकते, म्हणून बाबांना ठेवून घेतलं. सलाईन लागलं. आई येऊन पायाशी बसली. ज्योत्स्नाताई लग्नात परतल्या. तिकडचं काम सुभद्राबाईनं हाती घेतलं होतं, "भाऊ, तुमी जा, मी पंगती उठवतो," म्हणाली होती.

डॉक्टरीणबाई आल्या. पानं हातात घेऊन बघितली. "काका, मी काल विचारलं होतं ना, दुसरं औषध घेता का?"

"तुमी औषध इचारलं," बाबा म्हणाले. "पाला कुटं इचारला? औषध डबीत रायते. हा हिवरखेडच्या लग्नात नवरीच्या मामानं देल्ला, सातपुड्यातला. गूळ मारते म्हणून गुडमार, शुगरले लय चांगला, म्हणे. झाडाचा पाला तो. आपण मेथी खातो, तसा."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून बसल्या. म्हणाल्या, "पाला चांगला का वाईट, तो वेगळा प्रश्न. माझी गोळी शुगर खाली ओढते, हाही खाली ओढतो. मी गोळी दिली ती तुम्ही दुसरं काही घेत नाही असं धरून. त्यात पोट रिकामं. मला माहीत असतं तर गोळी कमी केली असती, नाहीतर हा बंद करायला सांगितलं असतं. आता माझंही चुकलं. यापुढं मी औषध विचारणार नाही. काय काय चघळता, ते विचारीन."

त्या गेल्यावर बाबा भिंतीकडे तोंड करून पडले. मग तसेच, पाठमोरेच, म्हणाले, "रागे, मले वाटलं मायी जीभ मेली."

"म्हणजे?"

"बार्शीटाकळीच्याबी आधीपासून. शिऱ्याले जीभ लावो तं काईच नाई. माती. संध्याकाळी घरी पुन्हा गोड लागे, मंग वाटे, भास झाला असन. दुसऱ्या कामावर पुन्हा माती. म्हटलं, शुगर पायाले मुंग्या आणते तशी जिभेले चढली. आता चंद्रभान संपला. कोणाले सांगू? म्हणून पाला वाढवला. म्हटलं, शुगर पुरी मारून टाकतो, जीभ वापस येईन."

जो पाला जीभ झोपवत होता, तोच हा माणूस जीभ जागी व्हावी म्हणून मुठीमुठीनं चघळत होता. एकटा. भीतीनं. भट्टीच्या आड उभा राहून. आणि आम्ही म्हणत होतो, पितात. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "मले काहून नाई सांगतलं बाबा?"

पाठ एकदम ताठ झाली. बाबा उठून बसले, सलाईनची नळी ओढली गेली.

"सुभद्रा जेवली का?"

"पंगती उठल्याशिवाय कशी जेवेल?"

"ती गोयी घेते, रागे," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "सरकारी दवाखान्याची. सकायी घेतली तिनं मायासमोर. आन् पालाबी चघळत रायते. म्याच देल्ला तिले, चार दिवस झाले. माया शुगरले फायदा झाला म्हणून तिलेबी थैलीभर देल्ला."

मी भगवंतरावांना फोन लावला. उचलेनात. पुन्हा लावला. पंगतीचा गोंगाट, मग भगवंतराव: "बोल बाई, कसे आहेत चंद्रभानजी?"

"काका, सुभद्राबाई कुठं आहे?"

"झोपली ना मंडपाच्या मांगं. एकटीनं साऱ्या पंगती उठवल्या बिचारीनं. घामानं ओली झाली होती, निरा काईबाई बोलत होती. म्हटलं थकली, पडू द्या."

बाबांनी माझ्या हातून फोन घेतला. सुई लागलेल्या हातानंच. "भगवंतराव, ज्योत्स्नाताईले बोलवा. पयत जा. सुभद्रेची शुगर तळाले गेली. तिले उठवा, झोपू देऊ नका! साकरेचं पाणी घ्या. फोन तिच्या कानाले लावा."

पळण्याचे आवाज. कोणाच्या तरी हाका. पाण्याचा पेला पडल्याचा आवाज. आईनं तोंडाला पदर लावला. ज्योत्स्नाताई फोनवर आल्या, "डोळे उघडते आहे, काका, पण थुंकते आहे. तोंड मिटून घेतलंय."

"कानाले लावा," बाबा म्हणाले. मग त्यांचा आवाज बदलला. इतका हळू, इतका मऊ, की मला तो माझ्या लहानपणचा वाटला. "सुभद्रे. मी भाऊ बोलून रायलो. आयकू येते का? तुले साकर देऊन रायले. तुले रेती लागन. मलेबी रेतीच लागली होती. ते रेती नाई, साकर आहे. तुयी जीभ खोटं सांगून रायली, त्या पाल्यानं तिले झोपवली. थुंकू नोको माय. भाऊचं आयक. रेती लागली तरी गिय."

तिकडून काहीच ऐकू येईना. बाबांचे डोळे मिटलेले होते.

"गिय माय. अजून एक. गिय."

"घेतलं," ज्योत्स्नाताईंचा आवाज आला. "घेतला घोट. अजून घेते आहे."

बाबा फोन सोडेनात. बोलतच राहिले, गिय, गिय, अजून एक, शहाणी माय मायी. किती वेळ, मला माहीत नाही. तिकडं गाडी आली होती, तिला दवाखान्यात आणायला. उचलायच्या आधी एकदाच तिचा आवाज आला. जड, चिडका आणि जिवंत.

"भाऊ, लय रेती चारली तुमी मले."

फोन बाबांच्या हातातून गादीवर पडला. आणि ते रडले. मी माझ्या आयुष्यात त्यांना असं रडताना पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हाही नाही. आई त्यांना धरून होती, मी नळी सांभाळत होते, आणि ते एकच बोलत होते, पुन्हा पुन्हा, आमच्यापैकी कोणालाच नव्हे.

"मायेनं देल्ला होता वं म्या तिले. मायेनं देल्ला होता."